वाचकांचे प्रश्न: लिनक्समध्ये विंडोजचे पार्टिशन आणि परवानग्यांचा घोळ

या वेळी आलेले बरेचसे प्रश्न एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवणाऱ्यांचे आहेत. कमांड आणि पर्याय येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापले आहेत. टर्मिनलवर ते रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करावेत. जिथे मोठे अक्षर लागते, तिथे तसे सांगितले आहे.

प्रश्न: डेटाचे एनटीएफएस (विंडोजची नेहमीची फाइल सिस्टिम) पार्टिशन कायमचे जोडण्यासाठी एफएसटॅब फाइलमध्ये (कोणते पार्टिशन कुठे जोडायचे याची लिनक्समधली यादी) एक तयार ओळ टाकली. तिच्यात ‘डिफॉल्ट्स,यूमास्क=०२२’ असे पर्याय आहेत. फाइली उघडतात, पण काहीही सेव्ह होत नाही. सुडो (प्रशासकाचे अधिकार देणारी कमांड) लावून चाऊन (मालक बदलणारी) आणि सीएचमॉड (परवानगी बदलणारी) दोन्ही चालवले. चूक दाखवली नाही, पण फरकही पडला नाही.

एनटीएफएसवरच्या फाइलींना लिनक्सच्या पद्धतीचा मालक, गट आणि परवानगीचे आकडे नसतात. त्यांच्या जागी विंडोजच्या स्वतःच्या सुरक्षा नोंदी असतात. लिनक्सला मात्र प्रत्येक फाइलीला कुणीतरी मालक दाखवावाच लागतो. म्हणून ड्रायव्हर माउंट करतानाच, म्हणजे पार्टिशन जोडतानाच, विचारतो की मालक कोण आणि परवानगी किती. तेव्हा जे उत्तर मिळेल ते पार्टिशनवरच्या सगळ्या फाइलींना सरसकट लागू होते. तुमच्या ओळीत यूआयडी (वापरकर्त्याचा क्रमांक) नाही, त्यामुळे माउंट करणारा, म्हणजे रूट (प्रशासकाचे खाते), मालक ठरला. यूमास्क ०२२ मुळे मालकाखेरीज कुणालाच लिहिता येत नाही. तुम्ही मालक नाही, म्हणून तुम्हाला फक्त वाचता येते.

चाऊन आणि सीएचमॉड गप्प राहिले, त्यालाही कारण आहे. एनटीएफएस-३जी या ड्रायव्हरमध्ये ‘सायलेंट’ नावाचा पर्याय आपोआप चालू असतो. त्यामुळे या दोन कमांड काही न करता, कुरकुर न करता परत येतात. माउंट करण्याआधी रिकाम्या फोल्डरचा मालक बदलूनही उपयोग नाही, कारण माउंट झाल्यावर तो फोल्डर झाकला जातो आणि पार्टिशनचे स्वतःचे मूळ फोल्डर समोर येते.

आधी ‘आयडी’ ही कमांड चालवून स्वतःचा क्रमांक बघा. उबुंटू किंवा फेडोरावर पहिल्या वापरकर्त्याचा यूआयडी आणि जीआयडी (गटाचा क्रमांक) बहुधा १००० असतो. मग ‘एलएसबीएलके -एफ’ चालवून पार्टिशनचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) घ्या. एनटीएफएसचा यूयूआयडी सोळा अक्षर-आकड्यांचा, मधे आडवी रेघ नसलेला असतो. त्या यादीत १६ एमबीचे, कोणतीही फाइल सिस्टिम नसलेले एक पार्टिशन दिसेल. ते विंडोजने स्वतःसाठी राखून ठेवलेले असते, ते माउंट होत नाही. १०० एमबीच्या आसपासचे व्हीफॅट दिसेल, ते बूटसाठीचे ईएफआय पार्टिशन आहे. त्यालाही हात लावू नका.

आता ‘/ईटीसी/एफएसटॅब’ मध्ये अशी ओळ लिहा:

यूयूआयडी=(तुमचा क्रमांक) /एमएनटी/डेटा एनटीएफएस-३जी यूआयडी=१०००,जीआयडी=१०००,डीमास्क=०२२,एफमास्क=१३३,विंडोज_नेम्स,नोफेल ० ०

‘यूयूआयडी’ हा शब्द मोठ्या अक्षरांत, कंस न लावता. पर्यायांच्या यादीत स्वल्पविरामानंतर जागा सोडायची नाही. सोडली तर ओळीतले पुढचे रकाने सरकतात आणि सगळी ओळच चुकते. माउंटच्या फोल्डरच्या नावात मोकळी जागा असेल तर तिच्या जागी उलटी तिरपी रेघ आणि ०४० लिहावे लागते. म्हणून नाव एकशब्दी ठेवलेले बरे.

प्रश्न: वरच्यासारखीच ओळ मी नीट केली, ‘सुडो माउंट -ए’ चालवले, तरी जुन्याच परवानग्या दिसतात.

‘माउंट -ए’ फक्त न जोडलेली पार्टिशन जोडते. जे आधीच जोडलेले आहे, त्याला ती हात लावत नाही. रीमाउंटनेही काम होत नाही, कारण एनटीएफएस-३जी तसे करू देत नाही. तुम्हाला आधी ‘सुडो यूमाउंट /एमएनटी/डेटा’ करावे लागेल. या कमांडमध्ये यू नंतर एन नाही, हे लक्षात असू द्या. मग ‘सुडो सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड’ आणि त्यानंतर ‘सुडो माउंट -ए’. ‘टार्गेट इज बिझी’ असे आले तर ‘सुडो फ्यूजर -व्हीएम /एमएनटी/डेटा’ चालवा. कोणता प्रोग्रॅम पार्टिशन धरून बसला आहे ते कळेल. पुष्कळदा तुमचे टर्मिनलच त्या फोल्डरमध्ये उभे असते. नुसते ‘सीडी’ करून घरच्या फोल्डरमध्ये आलात की सुटते.

प्रश्न: फाइलींना ६४४ परवानगी हवी म्हणून ‘यूमास्क=६४४’ लिहिले, तर काहीच उघडेना. मग ‘यूमास्क=१३३’ केले. आता फोल्डरची नावे दिसतात, पण आत जाता येत नाही. शेवटी ‘यूमास्क=०००’ केल्यावर चालले. ते असेच ठेवू का?

नको. मास्क म्हणजे द्यायची परवानगी नव्हे, काढून घ्यायची परवानगी. सुरुवात ७७७ पासून होते आणि मास्कमधल्या परवानग्या त्यातून वजा होतात. तुम्ही ६४४ लिहिलेत तेव्हा उरले १३३. म्हणजे मालकाला फक्त चालवण्याची मुभा, वाचण्याचीही नाही. तुम्हाला हवे होते त्याच्या नेमके उलट घडले.

१३३ एक एक आकडा घेऊन पाहू. वाचण्याला ४, लिहिण्याला २, चालवण्याला १. पहिला आकडा मालकाचा. त्यातून १ गेला, उरले ६, म्हणजे वाचणे आणि लिहिणे. दुसरा गटाचा आणि तिसरा इतरांचा. दोन्हींतून ३, म्हणजे लिहिणे आणि चालवणे गेले, उरले ४, म्हणजे फक्त वाचणे. झाले ६४४. फाइलींसाठी हे उत्तम. पण फोल्डरच्या बाबतीत तो १ म्हणजे आत शिरण्याची परवानगी असते. ती काढली की नावांची यादी दिसते, पण आत पाऊल टाकता येत नाही. मालकालाही नाही.

म्हणूनच यूमास्क एकट्याने वापरू नये. फोल्डरसाठी डीमास्क, फाइलींसाठी एफमास्क, असे वेगवेगळे द्यावेत. डीमास्क ०२२ ने फोल्डर ७५५ होतात, एफमास्क १३३ ने फाइली ६४४. घरात दुसऱ्या कुणाचेही लिनक्स खाते असेल आणि त्याला आत डोकावू द्यायचे नसेल, तर ०७७ आणि १७७ द्या. त्याने ७०० आणि ६०० मिळतात.

००० मुळे नुसते सगळ्यांना लिहिता येते एवढेच नाही. प्रत्येक फाइल ‘चालवता येणारी’ ठरते. मग साध्या मजकुराच्या फाइलीवर दोनदा क्लिक केले तरी काही फाइल मॅनेजर ती चालवायची की दाखवायची, असे विचारत बसतात. ०२२ एकटा दिला तरी हीच अडचण येते.

प्रश्न: एनटीएफएस-३जी आणि एनटीएफएस३ यांतले कोणते वापरावे?

नावे फसवी आहेत. एकात आडवी रेघ आणि जी आहे, दुसऱ्यात नाही. एनटीएफएस-३जी कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बाहेर, फ्यूज नावाच्या सोयीवर चालतो. तो २००७ पासून स्थिर आवृत्तीत वापरात आहे. एनटीएफएस३ हा पॅरागॉन कंपनीने दिलेला ड्रायव्हर २०२१ मध्ये कर्नल ५.१५ सोबत आत आला. तो कर्नलमध्येच असल्याने मोठ्या फाइलींच्या कामात सहसा वेगवान पडतो.

परवानग्यांच्या बाबतीत दोघांचे वागणे वेगळे आहे. काहीच पर्याय न देता रूटने माउंट केले, तर एनटीएफएस-३जी सगळ्यांना ७७७ देऊन मोकळा होतो. एनटीएफएस३ मात्र रूटचा नेहमीचा मास्क धरतो, त्यामुळे साध्या वापरकर्त्याला लिहिता येत नाही. तेव्हा ‘जुन्या संगणकावर चालत होते, नव्यावर का नाही’ असे वाटले तर आधी ‘फाइंडएमएनटी /एमएनटी/डेटा’ चालवून ड्रायव्हर कोणता आहे ते पाहा. (एनटीएफएस-३जी असेल तर तिथे ‘फ्यूजबीएलके’ असे दिसते.) एकाचे पर्याय दुसऱ्याला चालतीलच असे नाही. ‘परमिशन्स’ हा पर्याय एनटीएफएस३ ओळखत नाही. तो दिला तर ‘राँग एफएस टाइप, बॅड ऑप्शन, बॅड सुपरब्लॉक’ असा लांबलचक संदेश येतो आणि माणूस पार्टिशनच खराब झाले म्हणून घाबरतो. खरे कारण ‘सुडो डीएमईएसजी’च्या शेवटच्या ओळींत असते.

कागदपत्रे, फोटो, हिशेब असे मोलाचे सामान असेल तर आम्ही एनटीएफएस-३जी सुचवू. पार्टिशन संशयास्पद स्थितीत असेल तर तो फक्त वाचण्यापुरते जोडून देतो, म्हणजे निदान फाइल बाहेर काढता येते.

प्रश्न: ओळ बरोबर आहे, मालकही मीच दिसतो, पण अधूनमधून पार्टिशन ‘रीड-ओन्ली’ होते. ‘अनक्लीन फाइल सिस्टिम’ असा संदेश येतो. जबरदस्तीने माउंट करण्याचा काही पर्याय आहे का?

पर्याय आहे, पण कारण समजल्याशिवाय तो वापरू नका. येथे प्रश्न परवानगीचा नाहीच.

विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आले. ते चालू असताना ‘शट डाउन’ केले तरी विंडोज पुरते बंद होत नाही. वापरकर्त्याचे काम बंद होते, पण विंडोजचा गाभा हायबरफाइल नावाच्या फाइलीत झोपवून ठेवला जातो. त्याबरोबर जोडलेल्या पार्टिशनवर कोणती फाइल कुठे आहे याची त्याला आठवत असलेली माहितीही साठवली जाते. हे फक्त सी ड्राइव्हपुरते नसते, डीचेही तेच. आता मधल्या वेळात लिनक्सने डीवर चार फाइली लिहिल्या. सकाळी विंडोज उठते ते रात्रीचा नकाशा हातात घेऊन. त्या नकाशाप्रमाणे ती जागा रिकामी असते, म्हणून ते तिथे स्वतःचे काही लिहून टाकते. तुमच्या फाइली जातात, कधी फोल्डरची रचनाच मोडते. म्हणून ड्रायव्हर लिहू देत नाही, आणि त्याचे बरोबर आहे.

उपाय विंडोजमध्येच करायचा. कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये ‘पॉवर बटण काय करते ते निवडा’ या ठिकाणी जा. ‘सध्या उपलब्ध नसलेली सेटिंग्ज बदला’ यावर क्लिक करा आणि फास्ट स्टार्टअपची खूण काढा. त्याहून सोपे म्हणजे प्रशासक म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ चालवा. याने हायबरनेशन आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही बंद होतात, शिवाय हायबरफाइलने अडवलेली कित्येक जीबी जागा मोकळी होते. विंडोजचे मोठे अपडेट झाल्यावर ही खूण परत आली नाही ना, ते एकदा पाहावे. आजच्या आज लिनक्समध्ये काम करायचे असेल आणि सेटिंग बदलायचे नसेल, तर विंडोजमधून ‘शट डाउन’ न करता ‘रीस्टार्ट’ करून लिनक्स निवडा. रीस्टार्टमध्ये विंडोज पुरते बंद होते.

फास्ट स्टार्टअप बंद असूनही हाच संदेश येत असेल, तर वीज गेल्यामुळे किंवा बाहेरची डिस्क तशीच उपसल्यामुळे पार्टिशनवर ‘मळके’ अशी खूण राहिलेली असते. विंडोजमध्ये ‘सीएचकेडीएसके डी: /एफ’ चालवा आणि नीट बंद करा. लिनक्समधले ‘एनटीएफएसफिक्स’ हे त्याच्या जागी वापरायचे साधन नव्हे. ते काही मूलभूत दोष सुधारते, एनटीएफएसची जर्नल (बदलांची नोंदवही) पुसून टाकते आणि पुढच्या वेळी विंडोजने तपासणी करावी अशी नोंद करते. जर्नल पुसली की अर्धवट राहिलेले बदल पूर्ण करण्याची विंडोजची संधी जाते. ‘एनटीएफएसफिक्स -डी’ ने ती खूण निघते, दोष निघतोच असे नाही. विंडोज उपलब्धच नसेल, तर आधी रीड-ओन्ली जोडून सगळे दुसरीकडे उतरवून घ्या, मगच हे वापरा. ‘रिमूव्ह_हायबरफाइल’ हा माउंटचा पर्याय झोपलेल्या विंडोजचे काम कायमचे फेकून देतो. एनटीएफएस३ मधला ‘फोर्स’ही तशाच जातीचा. ते दोन्ही एफएसटॅबमध्ये कधीही लिहू नका. तिथे लिहिलेला पर्याय दर बूटला, न विचारता चालतो.

प्रश्न: विंडोजमध्ये पार्टिशन पुन्हा फॉरमॅट केल्यापासून लिनक्स सुरूच होत नाही. दीड मिनिट थांबते आणि ‘इमर्जन्सी मोड’मध्ये जाते.

फॉरमॅट केल्यावर यूयूआयडी बदलतो. एफएसटॅबमध्ये जुना राहिला. सिस्टिमडी (लिनक्स सुरू करणारी यंत्रणा) त्या नसलेल्या पार्टिशनची ९० सेकंद वाट पाहते आणि मग पुढे जायला नकार देते. रूटचा पासवर्ड देऊन आत जा. डिस्कवर लिहिता येत नसेल तर आधी ‘माउंट -ओ रीमाउंट,आरडब्ल्यू /’ चालवा. मग ‘नॅनो /ईटीसी/एफएसटॅब’ उघडून त्या ओळीच्या सुरुवातीला हॅशचे चिन्ह टाका आणि रीबूट करा. रूटचे खाते बंद असलेल्या काही वितरणांत आत जाताच येत नाही. तिथे लाइव्ह यूएसबीवरून बूट करून तीच फाइल दुरुस्त करावी लागते.

पुढे असे होऊ नये म्हणून ओळीत ‘नोफेल’ हवाच, म्हणजे पार्टिशन सापडले नाही तरी बूट अडत नाही. बाहेरच्या डिस्कसाठी ‘एक्स-सिस्टिमडी.डिव्हाइस-टाइमआउट=५एस’ हेही जोडा. फाइल बदलली की रीबूट करण्याआधी ‘सुडो फाइंडएमएनटी --व्हेरिफाय’ चालवा. चुकीचा यूयूआयडी, नसलेला फोल्डर, हे तिथेच कळते.

नोफेलचा एक तोटा आहे. पार्टिशन जोडले गेले नाही तर ते मुकाट्याने राहून जाते, आणि बॅकअपचा प्रोग्रॅम रूट म्हणून चालत असेल तर तो /एमएनटी/डेटा या रिकाम्या फोल्डरमध्येच, म्हणजे लिनक्सच्या मूळ पार्टिशनवर, लिहित सुटतो. ते भरून जाते, आणि पुन्हा माउंट झाले की त्या फाइली झाकल्या जातात, त्यामुळे जागा कुणी खाल्ली हेच सापडत नाही. लिनक्सचे मूळ पार्टिशन ईएक्सटी४ (लिनक्सची स्वतःची फाइल सिस्टिम) असेल तर माउंट नसताना ‘सुडो सीएचएटीटीआर +आय /एमएनटी/डेटा’ एकदाच चालवून ठेवा. मग रिकाम्या फोल्डरमध्ये रूटलाही लिहिता येत नाही. माउंट मात्र नेहमीसारखे होते.

प्रश्न: एफमास्क १३३ ठेवल्यापासून पार्टिशनवरची शेल स्क्रिप्ट चालत नाही. गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा प्रोग्रॅम) सगळ्याच फाइली बदललेल्या दिसतात.

स्क्रिप्टची चालवण्याची परवानगी मास्कने काढली. ‘बॅश’ लिहून पुढे फाइलीचे नाव दिले तर ती चालते, कारण तेव्हा फक्त वाचायची असते. सरसकट चालवायच्या असतील तर एफमास्क ०२२ करा. तरीही नकार आला तर पर्यायांत ‘यूजर’ किंवा ‘यूजर्स’ आहे का ते पाहा. त्यांच्यासोबत ‘नोएक्झेक’ आपोआप लागतो. ‘एक्झेक’ त्यांच्या नंतर लिहावा लागतो, आधी लिहिला तर वाया जातो.

गिट प्रत्येक फाइलीची चालवण्याची खूण लक्षात ठेवते, आणि येथे ती मास्कवर ठरते. त्या प्रकल्पात ‘गिट कॉन्फिग कोअर.फाइलमोड फॉल्स’ चालवा. (फाइलमोडमधला एम मोठ्या अक्षरात लिहिण्याची पद्धत आहे, छोटा चालतो.) तरी आमचे स्पष्ट मत असे की कोड आणि एसएसएचच्या (दूरच्या संगणकाशी सुरक्षित जोडणी करणारा प्रोग्रॅम) किल्ल्या लिनक्सच्या घरच्या फोल्डरमध्येच ठेवाव्यात. ६४४ असलेली खासगी किल्ली एसएसएच नाकारतेच, आणि एका किल्लीसाठी अख्ख्या पार्टिशनचा मास्क बदलण्यात अर्थ नाही.

प्रोटॉनवर (लिनक्सवर विंडोजचे खेळ चालवणारे स्टीमचे साधन) चालणारे खेळही येथे अडतात, पण कारण वेगळे. प्रोटॉन ‘सी:’ अशा नावाचे दुवे तयार करतो. एनटीएफएसच्या मूळ रचनेत अपूर्णविराम बसतो, पण विंडोजला तो चालत नाही. वरच्या ओळीतला ‘विंडोज_नेम्स’ असली नावे तयारच होऊ देत नाही, म्हणून खेळ सुरू होत नाही. उपाय ‘विंडोज_नेम्स’ काढणे हा नव्हे. स्टीमचा ‘कॉम्पॅटडेटा’ फोल्डर ईएक्सटी४ वर हलवा आणि त्याचा दुवा जुन्या जागी ठेवा.

प्रश्न: लिनक्सवर आम्हा दोघांची खाती आहेत. दोघांनाही लिहिता यावे, पण माझा एक फोल्डर फक्त मलाच दिसावा.

पहिली गोष्ट सोपी. ‘सुडो ग्रुपॲड डेटा’ ने गट करा. ‘सुडो यूजरमॉड -एजी डेटा’ आणि पुढे नाव, असे दोन्ही खात्यांसाठी चालवा. त्यात ए छोटा आणि जी मोठा असतो. ए विसरलात तर आधीचे इतर गट सुटतात, कदाचित सुडोचाही. जीआयडीच्या जागी या गटाचा क्रमांक लिहा, डीमास्क ००७ आणि एफमास्क ११७ करा. दोघांनी लॉगआउट करून पुन्हा आत यावे, त्याआधी गट लागू होत नाही.

एकाच फोल्डरला वेगळी परवानगी मास्कने देता येत नाही. त्यासाठी एनटीएफएस-३जीची वापरकर्ता-जोडणी लागते. विंडोजमध्ये ‘हूअ‍ॅमआय /यूजर’ चालवले की एस-१-५-२१ ने सुरू होणारा एसआयडी (विंडोजमधला खात्याचा ओळख क्रमांक) मिळतो. दोघांची विंडोज खाती वेगळी असतील तर दोघांचेही एसआयडी घ्या. पार्टिशनच्या मुळाशी ‘.एनटीएफएस-३जी’ नावाचा फोल्डर करा (सुरुवातीला टिंब, एनटीएफएस आणि जी मोठ्या अक्षरांत). त्यात ‘यूजरमॅपिंग’ नावाची फाइल ठेवा, यू आणि एम मोठे. प्रत्येकासाठी एक ओळ: यूआयडी, अपूर्णविराम, जीआयडी, अपूर्णविराम, एसआयडी. मग एफएसटॅबमधून यूआयडी, जीआयडी आणि सगळे मास्क काढून टाका. ते राहिले तर जोडणीचा उपयोग होत नाही. पार्टिशन उतरवून पुन्हा जोडा.

यानंतर सीएचमॉड आणि चाऊन खरोखर काम करतात. ते विंडोजच्या सुरक्षा नोंदींतच लिहिले जाते, म्हणून ७०० केलेला फोल्डर तिकडेही दुसऱ्या साध्या खात्याला बंद होतो. आधी एका रिकाम्या फोल्डरवर करून दोन्हीकडे तपासा. पूर्ण पार्टिशनवर ‘-आर’ (आर मोठा) लावून सीएचमॉड चालवू नका, आणि सी ड्राइव्हवर तर ही जोडणी वापरूच नका. तिथल्या परवानग्या हलल्या की विंडोजचेच काम अडते.

प्रश्न: पेनड्राइव्ह एक्सफॅट आहे. त्यालाही हेच लागू?

मास्क आणि यूआयडी तेच. वापरकर्ता-जोडणीची सोय मात्र नाही, कारण एक्सफॅटमध्ये परवानग्या साठवायला जागाच नसते. फाइल मॅनेजरमधून उघडलात तर यूआयडी आपोआप तुमचाच लागतो, एफएसटॅबची गरज नाही.

प्रश्न: ‘एलएसबीएलके -एफ’ मध्ये एनटीएफएसऐवजी ‘बिटलॉकर’ दिसते.

ते पार्टिशन कूटबद्ध आहे. नव्या विंडोज ११ मध्ये हे पुष्कळदा न सांगता चालू असते. क्रिप्टसेटअप २.३ किंवा त्यापुढची आवृत्ती असेल तर ‘सुडो क्रिप्टसेटअप ओपन --टाइप बिटएलके /डेव्ह/एसडीए३ विन’ चालवा. एसडीए३ च्या जागी तुमच्या पार्टिशनचे नाव घाला. विचारल्यावर बिटलॉकरचा पासवर्ड किंवा ४८ आकडी रिकव्हरी की द्या. की विंडोजमध्ये ‘मॅनेज-बीडीई -प्रोटेक्टर्स -गेट सी:’ ने दिसते. ती आधीच कागदावर उतरवून ठेवा, कारण बूटचे सेटिंग बदलल्यावर विंडोज स्वतःही तीच मागू शकते. कुलूप उघडले की ‘/डेव्ह/मॅपर/विन’ तयार होते, आणि ते वरच्याच यूआयडी आणि मास्कसह माउंट होते. काम झाल्यावर आधी यूमाउंट, मग ‘सुडो क्रिप्टसेटअप क्लोज विन’.